नोंद नाही, का शोधलीच नाही?

पिंगळीत पारावर बसलं की विचारणा ठरलेली : "पेपरवाले, आमची कुणबी नोंद निघंल का?" मी उलट विचारतो, शोधलं कुठं आन् कसं?

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली गेली. पण आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. महसुली कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, बरेचसे मोडीत. साल फसली. 1340 फसली दिसलं तर 590 मिळवा, म्हणजे इसवी सन 1930 च्या आसपास. हे माहीत नसलं की हातातला कागदही बाजूला पडतो.

वैद्यकीय संशोधक जुने अभ्यास धुंडाळण्याआधी आराखडा लिहितात : प्रश्न काय, शब्द कोणते, कुठं शोधायचं, कोणती सालं, काय वगळलं. 1993 ला सुरू झालेल्या कॉक्रेन संस्थेनं ही शिस्त जगभर नेली. दुसऱ्यानं त्याच वाटेनं शोधलं तर तेच हाती लागावं, एवढाच हेतू.

आपणही वही घाला. पणजोबाचं नाव तीन-चार तऱ्हांनी लिहा. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळं वाचणारा चुकतो. आडनाव नसेल तर गाव आन् सर्व्हे नंबर धरा. कोणत्या कचेरीत कोणत्या सालचं रजिस्टर पाहिलं, कोणतं फाटलेलं, कोणतं मिळालंच नाही, तेही टिपा.

"नोंद नाही" आणि "रजिस्टर वाचलंच नाही" यात फरक आहे. उद्या अर्ज फेटाळला तर तो फरक दाखवायला ही वहीच कामी येईल.