दवाखान्यातून घरापर्यंत : एका नियमाचा इतिहास

एक साधे गणित घेऊ. एका आजारी मुलीला दवाखान्यात ठेवायला महिन्याला ६००० डॉलर लागतात. तिला घरी ठेवले तर त्याच्या सहाव्या हिश्श्यात भागते. मुलीने घरीच असावे, असे डॉक्टरांचेही मत आहे. खर्च सरकार करणार आहे. तर मुलगी कुठे राहील? पाचवीतले मूलही याचे उत्तर देईल. पण १९८१ साली अमेरिकेतल्या सरकारी नियमाने उत्तर दिले होते : दवाखान्यात.

असे उत्तर का आले, आणि पुढे ते कसे बदलले, हे आपण या लेखात पाहू. अपंग मुलाची घरी काळजी घेण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत, ही कल्पना आज सरळ वाटते. तिचा इतिहास मात्र तितका सरळ नाही.

अमेरिकेत १९६५ साली ‘मेडिकेड’ ही योजना सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या लोकांचा औषधोपचाराचा खर्च केंद्र सरकार आणि राज्ये यांनी मिळून उचलायचा, असे तिचे स्वरूप. योजना मोठी होती, पण तिचा कल संस्थेकडे होता. माणूस रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात असेल तर पैसे मिळत. घरी राहून वर्षानुवर्षे लागणाऱ्या मदतीसाठी मात्र फारशी सोय नव्हती. त्या काळाचा रिवाजही तसाच होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी राज्यांनी चालवलेल्या संस्थांत १९६७ च्या सुमारास जवळपास १ लाख ९५ हजार माणसे राहत होती, आणि त्यांत मुलेही पुष्कळ होती. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या अशा संस्थेची दुर्दशा १९७२ साली दूरदर्शनवर दिसली, तेव्हा देश हादरला. ती संस्था १९८७ मध्ये बंद झाली.

या सुमारास विज्ञानाने एक नवाच प्रश्न उभा केला होता. १९२८ साली बोस्टनमध्ये ‘लोखंडी फुप्फुस’ वापरात आले. रोग्याचे मानेखालचे सगळे शरीर एका मोठ्या पिंपात ठेवायचे आणि पिंपातल्या हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलवायची, अशी ती युक्ती होती. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा डॉक्टरांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घातली आणि तिच्यातून सरळ फुप्फुसात हवा भरली. यंत्रे पुरेनात, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली. पुढे हाताचे काम यंत्राने घेतले आणि जी मुले पूर्वी दगावली असती ती जगू लागली. पण जगली ती यंत्राजवळ, म्हणजे दवाखान्यात. १९७० नंतरच्या दशकात श्वसनयंत्रे लहान झाली, घरात ठेवता येतील अशी झाली. यंत्र घरी जायला तयार झाले, पण नियम जागचा हलला नव्हता.

आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी मार्च १९७८ मध्ये केटी बेकेटचा जन्म झाला. काही महिन्यांची असतानाच तिला मेंदूचा संसर्ग झाला. अंग लुळे पडले आणि श्वासासाठी यंत्राची गरज लागू लागली. दवाखाना हेच तिचे घर झाले. ती तीन वर्षांची झाली तेव्हा दिवसाचा काही वेळ यंत्राविना काढू शकत होती. तिला घरी सांभाळता येईल, असे डॉक्टरांना वाटू लागले. आईवडिलांची तयारी होतीच. तिची आई ज्युली बेकेट पेशाने शिक्षिका होती.

अडचण आली ती उत्पन्न मोजण्याच्या रीतीत. मूल घरी असेल तर आईवडिलांचे उत्पन्न हे मुलाचेच धरले जाई. मूल महिनाभराहून अधिक काळ दवाखान्यात राहिले की ते धरले जात नसे. फक्त मुलाचे स्वतःचे उत्पन्न पाहिले जाई, आणि ते अर्थातच शून्य. म्हणजे केटी दवाखान्यात असताना कागदावर गरीब होती, आणि उंबरठा ओलांडून घरात आली की मध्यमवर्गीय. घरी नेले की सरकारी मदत बंद. परिचारिका, यंत्र, औषधे यांचा खर्च मात्र साध्या पगारदार घराच्या आवाक्याबाहेरचा. नियम करणाऱ्यांचा हेतू काही वाईट नव्हता. आईबापांनी ऐपतीप्रमाणे मुलांचा खर्च करावा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. महिन्याला हजारो डॉलर लागणारे मूल घरीही राहू शकेल, हे त्यांच्या ध्यानात आलेच नव्हते.

आयोवाचे लोकप्रतिनिधी टॉम टॉकी यांनी हे प्रकरण वर नेले. १० नोव्हेंबर १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत केटीची हकिकत सांगितली. आपण वर घेतलेले आकडे त्यांनीच दिलेले आहेत. आरोग्य खात्याने नियमाला अपवाद केला आणि डिसेंबरात, नाताळच्या आधी, केटी घरी आली.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. रेगन त्या वेळी सरकारी खर्चाला कात्री लावत होते. ऑगस्ट १९८१ च्या ज्या कायद्याने मेडिकेडच्या केंद्रीय अनुदानात कपात झाली, त्याच कायद्याने राज्यांना घरच्या काळजीसाठी खास परवानगी मागण्याची वाटही उघडून दिली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८२ मध्ये, आणखी एक कायदा झाला. त्यातली तरतूद आज ‘केटी बेकेट पर्याय’ म्हणून ओळखली जाते. संस्थेत ठेवावे लागेल इतके गंभीर अपंगत्व असलेले मूल घरी राहत असेल, तर आईवडिलांचे उत्पन्न न मोजता त्याला मेडिकेड देता येते.

मात्र एक अट आहे : घरचा खर्च संस्थेतल्या खर्चाहून जास्त होता कामा नये. आपल्या गणिताची दुसरी बाजू ती हीच. ‘घर स्वस्त पडते’ या युक्तिवादाने दार उघडले खरे; पण ज्या मुलाला घरी चोवीस तास परिचारिका लागते, त्याचे काय? त्याचा घरावरचा हक्क कमी का? शिवाय घर स्वस्त पडते ते कशामुळे? रात्री उठून नळी साफ करणारी आई हिशेबात नसते म्हणून. तिने नोकरी सोडली तर तो खर्च सरकारी वहीत कुठेच लिहिला जात नाही.

दुसरी त्रुटी म्हणजे हा राज्यांसाठी पर्याय आहे, बंधन नाही. टेनेसी राज्याने केटीच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला तो २०२० साली. जिथे खास परवानगीची वाट वापरली जाते, तिथे जागा मर्यादित ठेवता येतात, आणि म्हणून प्रतीक्षायाद्या वर्षानुवर्षे लांबतात. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात सांगितले, की जिला समाजात राहणे शक्य आहे अशा अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे. म्हणजे स्वस्ताईच्या जोडीला हक्काची भाषा आली, पण खर्चाची कसोटी गेली नाही.

केटी शाळेत गेली. २००१ साली गावच्याच महाविद्यालयातून पदवीधर झाली. अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. २०१२ साली, ३४ व्या वर्षी, ती वारली. तिच्या आईने अशाच मुलांच्या कुटुंबांना एकत्र आणणारी संघटना उभारण्यात पुढाकार घेतला.

हा इतिहास आपल्यालाही उपयोगी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या शिक्षणहक्क कायद्यात तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. इकडे धोका थोडा वेगळा आहे. आपल्याकडे मूल बहुधा घरीच असते. सरकारी मदत तिथवर पोचत नाही, आणि ‘घरी शिकते’ एवढी नोंद करून शाळा मोकळी होऊ शकते. घर हा मुलासाठी निवडीचा भाग असावा, शाळेसाठी सुटकेचा मार्ग नव्हे.

आम्हाला वाटते, सुरुवातीचे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. मुले उत्तर लगेच देतील. मग विचारावे : या हिशेबात कोणाचे श्रम मोजलेले नाहीत? आणि घर महाग पडले असते, तर तुमचे उत्तर काय असते?