फुटक्या काचेचा मान

फुलदाणी हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याची घडण क्वचितच पाहतो. त्यातले फूल इथले आणि दाणी फारसीतल्या 'दान'वरून आलेली. दान म्हणजे ठेवण्याचे पात्र. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी ह्या तिच्याच बहिणी. काच हा शब्द संस्कृतातला, शिशी ही फारसी 'शीशा'ची लेक, आणि बाटली युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलेली. रिकाम्या बाटलीची घरच्या घरी फुलदाणी करताना आपण एवढ्या भाषांना एका मेजावर बसवत असतो. मी कवी माणूस. वस्तूपर्यंत शब्दाच्या वाटेने पोचतो. आज त्या वाटेने टाकलेल्या काचेच्या इतिहासात थोडे फिरून येऊ.

'टाकाऊतून टिकाऊ' हा नव्या काळाचा छंद आहे, असा आपला समज असतो. काचेपुरता तरी तो खरा नाही. काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडीची होते. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा घातला की ती बरीच कमी लागते. फुटकी काच तर एकदा ह्या अग्निदिव्यातून गेलेलीच असते. ती लवकर वितळते, आणि कितीदा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. भट्टीतल्या मालात दर दहा टक्के फुटकी काच मिसळली, की इंधन अडीच ते तीन टक्के वाचते, असा कारखान्यांचा हिशेब आहे. म्हणून भट्टीवाल्याला तुकडे नेहमीच हवे असतात.

हे गरजेचे नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये फेरीवाले गंधकाच्या काड्या देऊन घरोघरची फुटकी काच घेत. हे आपल्याला कळते ते मार्शल ह्या लॅटिन कवीमुळे. पण त्याने ह्या फेरीवाल्याची आठवण काढली ती कौतुकाने नव्हे. एका माणसाची टर उडवताना 'तू त्या काचा गोळा करणाऱ्यासारखा' ह्या अर्थाचे तो बोलतो. मीही कवी असल्यामुळे ते वाचून मला वाईट वाटले. काच पुन्हा भट्टीत जाऊन झळाळते, तिचे पात्र श्रीमंताच्या मेजावर येते. ती वेचणारा मात्र शिवीपुरता उरतो.

त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, इ. स. १०२५च्या आसपास, एक व्यापारी जहाज आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत सर्चे लिमान येथे बुडाले. त्या काळी सीरियाचा किनारा फातिमी खलिफांच्या सत्तेखाली होता. तिकडची काच ह्या जहाजावर होती, जवळपास तीन टन. त्यातली सुमारे एक टन म्हणजे फुटकी भांडी आणि कारखान्यातला टाकाऊ माल! नव्याने वितळवण्यासाठी निघालेला हा भंगार समुद्रतळाशी पडून राहिला. १९७७ ते १९७९ ह्या काळात संशोधकांनी तो वर काढला आणि पुढे वर्षानुवर्षे तुकड्याला तुकडा जुळवून शेकडो भांडी पुन्हा उभी केली. काचेचा हा माल आज बोद्रुमच्या संग्रहालयात आहे. कुणीतरी फुटकी काच मोलाची मानून जहाजात भरली, म्हणून त्या काळच्या कारागिरांचे हात आपल्याला दिसले.

आपल्याकडे मण्यांची आणि बांगड्यांची काच प्राचीन आहे. नेवाशाच्या आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननांत ती सापडली आहे. बाटल्या मात्र कंपनीच्या काळात विलायतेहून येत, त्यामुळे रिकाम्या बाटलीलाही चांगली किंमत असे. जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) तरुणपणी मुंबईत आपल्या मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात शिरले. ते मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला पुढे त्यांचे सासरेही झाले. जमशेटजींनाही लोक बाटलीवाला म्हणत. पुढे चीनच्या व्यापारात, अफूच्याही, त्यांनी अमाप संपत्ती मिळवली आणि मोठे दानधर्म केले. १८५७ साली त्यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तेच आजचे जे. जे. रोममध्ये जो धंदा टवाळीचा, तो मुंबईत अभिमानाचे आडनाव झाला.

पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात देशी भट्ट्या पेटल्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा वर्गणीची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचधंद्यात पसरले.

घरची फुलदाणी ह्याच इतिहासाचे शेवटचे, लहानसे पान. आमच्या घरी सरबताची बाटली कधी टाकली जात नसे. अम्मी ती रात्रभर पाण्यात ठेवून कागद सोडवी, खळ लावून तिच्याभोवती सुतळी घट्ट गुंडाळी आणि वाळल्यावर तीत बाजरीची कणसे नि गवताचे तुरे खोवी. पाणी नको, रोजची फुले नकोत. कोकणात हेच काम काथ्या आणि शिंपले करतात. काही जण रॉकेलात भिजवलेला दोरा बाटलीभोवती बांधून पेटवतात आणि बाटली लगेच गार पाण्यात बुडवतात. तापून फुगलेली काच एकाएकी आकसते आणि त्या रेषेवर तडकते. युक्ती जुनी, पण धोक्याची. मुलांच्या हाती देऊ नये. अम्मीची सुतळीच बरी!

अशी एखादी बाटली आपण वाचवतो. बाकीच्या हजारो बाटल्या वाचवतात त्या कचरा वेचणाऱ्या बाया. बोटे कापून घेऊन. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. सभासद बहुतेक स्त्रिया, त्याही दलित समाजातल्या. संघटनेने त्यांना ओळखपत्र मिळवून दिले आणि २००८ साली त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था दारोदारचा कचरा उचलू लागली. त्या नावात काच अगदी मधोमध, एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पत्रा धरून उभी आहे. मार्शलच्या टवाळीला ह्याहून चांगले उत्तर मला कुठल्या कवितेत सापडलेले नाही.

तेव्हा फुलदाणी जरूर करा. करताना काच फुटलीच, तर तुकडे ओल्या कचऱ्यात टाकू नका. जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे ठळक लिहून वेगळे द्या. पुढचा हात कुणाचा आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)