रविवर्मा मुद्रणालय

रविवर्मा मुद्रणालय हे चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ साली मुंबईत स्थापन केलेले रंगीत शिलामुद्रणालय होते. १८९९ साली ते पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. देवदेवता, राक्षस व पुराणप्रसंग यांची स्वस्त छापील चित्रे सामान्यांच्या घरांत पोहोचविणारी संस्था म्हणून ते ओळखले जाते.

पार्श्वभूमी
चित्रे छापून प्रसृत करावीत, असा सल्ला माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना दिला होता. पुण्यात चित्रशाळा छापखाना १८७८ पासून देवादिकांची शिलामुद्रित चित्रे काढीत होता. रविवर्मांनी यंत्रसामग्री व तंत्रज्ञ जर्मनीहून आणविले. व्यवस्था त्यांचे बंधू राजवर्मा पाहत. ‘शकुंतलाजन्म’ हे मुद्रणालयाचे पहिले चित्र मानले जाते.

मुद्रणपद्धती
गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने आकृती काढली जाई. ओल्या शिळेवर शाई फक्त त्या आकृतीलाच धरते. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे आणि सर्व ठसे एकमेकांवर अचूक बसवावे लागत. जपानमधील ‘उकियो-ए’ चित्रांतही रंगागणिक वेगळा ठसा असे. मात्र तो लाकडाचा असून हाताने छापला जाई. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून छापावर वार्निश चढवीत. अशा चित्रांना ‘ओलिओग्राफ’ म्हणतात.

चित्रविषय
लक्ष्मी व सरस्वती ही चित्रे विशेष लोकप्रिय झाली. ‘जटायुवध’मध्ये खड्गधारी रावण दिसतो, तर नरसिंहाच्या चित्रांत अर्धपशू देहाचे उग्र रूप आढळते. पौराणिक विषयांना युरोपीय छायाप्रकाश व शरीररचनेची जोड मिळाल्याने या अद्भुत आकृती हाडामांसाच्या वाटू लागल्या. अनेक घरांत चित्रांवर जर, टिकल्या व कापड चिकटवून ती सजविली जात.

हस्तांतर व शेवट
कर्जामुळे रविवर्मांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे मुद्रणालय आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकले. श्लायशर यांनी अन्य चित्रकारांची चित्रे व व्यापारी लेबले छापून व्यवसाय वाढविला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटांकडे वळण्यापूर्वी या मुद्रणालयासाठी छायाशिलामुद्रणाचे काम केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत कारखाना नष्ट झाला व अनेक मूळ शिलामुद्रिते जळाली.

मूल्यमापन
कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्मांची चित्रे नाटकी असून भारतीय भावनेला पारखी असल्याची टीका केली. दुसरीकडे, ज्यांना देवळांत प्रवेश नव्हता त्यांच्याही घरात या छापांमुळे देवप्रतिमा येऊ शकली. पुढील काळातील दिनदर्शिकांवरील देवचित्रांवर या छापांचा ठळक प्रभाव दिसतो.