बॅटरसीचे शापूरजी सकलातवाला

स्वातंत्र्यपूर्व काळात तीन पारशी गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. दादाभाई नवरोजी उदारमतवादी, सर मंचरजी भावनगरी हुजूरपक्षाचे. तिसरे शापूरजी सकलातवाला, ते कम्युनिस्ट. आणि हे कम्युनिस्ट जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे!

1874 साली मुंबईस जन्मलेल्या शापूरजींनी प्लेगाच्या दिवसांत डॉ. हाफकिन यांच्या हाताखाली काम केले. पुढे टाटांसाठी लोखंड-कोळशाच्या शोधात ते रानोमाळ हिंडले. 1905 मध्ये विलायतेस गेले, ते तेथलेच झाले. लंडनच्या उत्तर बॅटरसीतील कामकरी मतदारांनी त्यांना 1922 मध्ये आणि पुन्हा 1924 मध्ये निवडून दिले. 1926 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी केलेल्या भाषणाबद्दल त्यांनी दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगला. टाटांची नोकरी तत्पूर्वीच सुटली होती.

1927 चे वर्ष त्यांच्या आयुष्यात विलक्षण कसोटीचे ठरले. आरंभी ते हिंदुस्थानात आले, मुंबईच्या कामगारांपुढे बोलले आणि महात्माजींना त्यांनी उघड पत्र लिहिले: चरखा पुरे, कामगार-शेतकरी संघटित करा. महात्माजींनी ‘यंग इंडिया’त शांतपणे उत्तर दिले. शापूरजींचा प्रश्न खरा होता. परंतु तीन महिन्यांच्या पाहुण्याने चरख्याचा निकाल लावावा, ही घाई झाली, असे आम्हांस वाटते. ते परतल्यावर सरकारने त्यांना मायदेशाची दारे बंद केली. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. आई इंग्रज, बाप कम्युनिस्ट, आणि मुलांच्या कमरेस कस्ती! पक्षाने जाहीर ठपका ठेवला. शापूरजींनी पक्ष सोडला नाही, नवजोतही चुकीची मानली नाही.

1929 मध्ये ते पराभूत झाले. अखेरच्या वर्षांत साम्राज्यशाहीबरोबर फॅसिझमविरुद्धही ते गावोगाव व्याख्याने देत हिंडले आणि 16 जानेवारी 1936 रोजी लंडनमध्ये निवर्तले. त्याच वर्षी जुलैत स्पेनमध्ये फ्रँकोचे बंड झाले. लोकसत्ताकाच्या रक्षणासाठी गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या पलटणीला ‘सकलातवाला बटालियन’ असे नाव देण्यात आले. फेब्रुवारी 1937 मध्ये हारामा नदीकाठी लढताना पहिल्या तीन दिवसांतच तिची निम्म्याहून अधिक माणसे मारली गेली, जखमी झाली वा शत्रूच्या हाती सापडली. शिपायांच्या तोंडी मात्र ‘ब्रिटिश बटालियन’ हेच नाव रुळले. मुंबईचे आडनाव त्यांच्या जिभेला जड गेले असावे.