गाडीखाली ऑइलचा डाग? चेंबरचं पॅकिंग नीट कसं बसवायचं

गाडी जिथे उभी राहते तिथे फरशीवर काळा डाग पडतोय? आमच्या नांदेड-लातूरकडे गॅरेजवाले खाली वाकून पाहतात आणि सांगतात, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे ऑइल पॅन, इंजिनच्या तळाला बोल्टने बसवलेलं पत्र्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं. छोट्या कारमध्ये त्यात साधारण ३ ते ४ लिटर ऑइल असतं. इंजिन आणि हे भांडं यांच्या कडा कितीही सपाट दिसल्या तरी मधून ऑइल झिरपतं. ती फट बुजवतं ते पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट. कुकरच्या झाकणातली रिंग हेच काम करते.

पण आधी खात्री करा की गळती तिथूनच आहे. ऑइल वरून खाली ओघळतं आणि चेंबर सगळ्यात खाली असतो, त्यामुळे टॅपेट कव्हर गळत असलं तरी आळ चेंबरवरच येतो. (कोडमध्येही एरर दिसते एका ओळीत आणि चूक असते भलतीकडेच.) इंजिनचा तळ पुसून स्वच्छ करा, गाडी २०-३० किलोमीटर फिरवून आणा आणि थंड झाल्यावर फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा. ओल सगळ्यात वर जिथे दिसेल, तिथून शोध सुरू करा. ब्रीदरचा पाइपही तपासून घ्या. तो तुंबला की इंजिनच्या आतला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही गळायला लागतं.

पॅकिंग कॉर्कचं असतं, रबरचं असतं, आणि अनेक नव्या गाड्यांत कंपनीतूनच पॅकिंगऐवजी फक्त सिलिकॉन लावलेलं असतं. सगळा घोळ या सिलिकॉनचा आहे. "डबल सेफ्टी" म्हणून रबरच्या पॅकिंगवरही अर्धी ट्यूब रिकामी करणारे कमी नाहीत. त्यामुळे रबर निसटतं, बोल्ट आवळताना वाकडं होतं आणि गळती वाढते. रबर पॅकिंग असेल तर सिलिकॉन फक्त सांध्याच्या कोपऱ्यांवर, आणि तेही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच.

जास्तीचं सिलिकॉन फक्त बाहेर येत नाही, तेवढंच आतही जातं. बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही. त्याचे तुकडे तुटून ऑइलमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतात. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही, बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होतं. म्हणजे किरकोळ गळतीचं काम अख्ख्या इंजिनवर जातं. म्हणून रेघ साधारण ३ मिलिमीटर जाडीची, मध्ये न तोडता, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने.

रेघ ओढण्याआधी ऑइल काढून चेंबर उतरवा आणि ब्लॉकमधून थेंब पडायचं पूर्ण थांबू द्या. त्यासाठी रात्रभर ठेवलं तरी चालेल. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर पॉलिश पेपर घासू नका, त्याची भुकटी इंजिनमध्ये जाते. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसा आणि कोरड्या करा. ऑइलचा नुसता हात लागला तरी सिलिकॉन तिथे धरत नाही. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टांपाशी वाकलेली असते, कारण आधी कुणीतरी जोर लावून आवळलेलं असतं. ती सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं व्यर्थ.

ट्यूब इंजिनचीच घ्या. बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ऑइलला टिकत नाही आणि त्यातलं आम्ल धातूला लागतं. रेघ ओढली की साधारण १० मिनिटांत चेंबर बसवा, वर साय धरायच्या आत. बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. हे बोल्ट बारीक असतात, बहुतेक वेळा साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा आणि टॉर्क रेंच वापरा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.

आता थांबणं. सिलिकॉन उन्हाने नाही, हवेतल्या ओलाव्याने पिकतं. त्यामुळे मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ते लवकर वाळेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात पावसाळ्यापेक्षा उशीर लागतो. ट्यूबवर लिहिलेली वेळ पाळा. मी तर ऑइल भरायच्या आधी २४ तास जाऊ देतो. गॅरेजवाला "अर्ध्या तासात गाडी घेऊन जा" म्हणाला तरी ती तिथेच राहू द्या.

ऑइल भरल्यावर डिपस्टिक पाहा, इंजिन ५ मिनिटं चालू ठेवा आणि खाली कोरडा पुठ्ठा टाकून बघा. लांब निघालात, लोहा-अहमदपूरच्या रस्त्यावर ऑइलचा लाल दिवा लागला, तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा.

बाइकवाल्यांसाठी: स्प्लेंडरसारख्या गाड्यांना वेगळा चेंबर नसतो. तिथे ऑइल गळतं ते बहुधा क्लच कव्हरच्या कागदी पॅकिंगमधून किंवा ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून. काढलंत की दोन्ही नवेच टाका.