टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही मराठी भाषेतील एक प्रचलित म्हण आहे. कष्ट व हालअपेष्टा सोसल्याशिवाय माणसाला थोरपण किंवा यश लाभत नाही, असा तिचा आशय आहे.

शब्दार्थ

टाकी म्हणजे पाथरवटाची पोलादी छिन्नी. हातोडीच्या ठोक्यासरशी ती दगडाचा नको असलेला भाग काढते आणि मूर्ती आकार घेते. जात्याला किंवा पाट्याला 'टाकी लावणे' या प्रयोगातही हाच शब्द आहे. पाणी साठविण्याची टाकी येथे अभिप्रेत नाही. दगडाविषयी बोलून माणसाविषयी सुचविलेले असल्याने म्हणीची रचना अन्योक्तीची आहे.

उपयोग

सोसण्यातून काही घडत असेल, तेथेच ही म्हण शोभते. दुष्काळ, आजारपण किंवा अन्याय यांनी गांजलेल्याला ती ऐकविणे अनुचित ठरते. कारण प्रत्येक घाव मूर्ती घडवीत नाही, काही घावांनी दगड फुटतोही.

वाक्यात उपयोग: भातलावणीची मजुरी करून, रात्री अभ्यास करून ती परिचारिका झाली, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हेच खरे.

उदाहरण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या म्हणीचे समर्पक उदाहरण आहे. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. 1893 मध्ये विधवेशी विवाह केल्यामुळे त्यांना सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. तरीही त्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम व 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. 1958 मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला.

तुलना

'प्रयत्नांती परमेश्वर' या म्हणीत भर प्रयत्नावर आहे, तर येथे तो सोसण्यावर आहे. 'पदरी पडले पवित्र झाले' ही म्हण केवळ स्वीकार सुचविते. इंग्रजीतील 'नो पेन, नो गेन' ही म्हण अर्थाने जवळची आहे. 'बाइट द बुलेट', म्हणजे शब्दशः 'गोळी चावणे', या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मात्र अटळ असलेल्या कठीण प्रसंगाला धैर्याने सामोरे जाणे असा आहे. त्यात त्या प्रसंगातून निभावणे महत्त्वाचे असते. मराठी म्हणीत त्यातून घडणे महत्त्वाचे असते.