फरसबंदीची वहिवाट

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात, शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावरे वसलेले आहे. आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या मुलखात वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागेच पडत असल्यामुळे, येथील दगडी अंगणांवरच्या शेवाळाचा इतिहास लिहावयास घेणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. कोकणात आषाढ लागताच जांभ्याच्या गडग्यावर जे हिरवे शेवाळ चढते, त्याचे राज्य येथे नाही, हे खरे. तरीही शिरूर-दौंडकडील जुन्या देवळांची प्रांगणे, वाड्यांचे चौक आणि विहिरींच्या पायऱ्या लक्षपूर्वक पाहिल्या, तर काळ्या पाषाणावर दोन निरनिराळ्या जीवांनी आपला अंमल बसविलेला आढळतो. जेथे सावली आहे आणि पाणी मुरते, म्हणजे रांजणाखाली, मोरीच्या तोंडाशी, गोमुखाच्या पायथ्याला, तेथे निसरडे शेवाळ. आणि जेथे दिवसभर ऊन रणरणते, तेथे राखी, पांढुरके, पिवळसर, क्वचित नारिंगी असे कोरडे चट्टे. या दुसऱ्या वर्गाचे थोरले, पानासारखे भाऊबंद दगडफूल या नावाने आपल्या काळ्या मसाल्यात पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत.

१८६७ साली सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने, दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचा संयुक्त संसार आहे, असे प्रतिपादन केले, तेव्हा विद्वानांत मोठी खळबळ उडाली. आपल्याकडे या जीवांचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुण्यातही झाला. १९४६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे प्राध्यापक आघारकरांचे नाव धारण केलेल्या संशोधनसंस्थेने सह्याद्रीतील दगडफुलांचे नमुने जमवून त्यांचे वर्गीकरण केले. परंतु या जीवाचा स्वभाव समजण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. उन्हाळ्यात अशा चट्ट्यावर नख मारून पाहावे, तो दगडाचाच अंश असल्याप्रमाणे हटत नाही. त्यावर ओंजळभर पाणी टाकून थोडा वेळ थांबावे, तर राखी रंग विरून आतला हिरवा रंग वर येतो, कातडी फुगते, मऊ होते, आणि मग बांबूच्या पातळ पट्टीने तिची कड उचलता येते. त्याचे तंतू दगडाच्या कणाकणांत शिरलेले असतात; ओले झाले की फुगतात, वाळले की आकसतात, आणि ही ओढाताण वर्षानुवर्षे चालून, तंतूंतून स्रवणाऱ्या आम्लांच्या साहाय्याने, पृष्ठभाग सैल होत जातो. कोरडा चट्टा पहारीने खरवडणारा मनुष्य त्याच्याबरोबर दगडाची त्वचाही उतरवतो.

जुन्या कारागिरांना ही रसायनविद्या ठाऊक नव्हती; मात्र पाणी साचले की फरशी बिघडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा दगड वडारांनी खाणीतून सुरुंग, पहार आणि घणाने सोडवावा, पाथरवटांनी टाकीने घडावा, नाल्याओढ्यांतील चुनखडीचे खडे भाजून घाणीत मळलेल्या चुन्यावर तो बसवावा, आणि चिऱ्याचिऱ्यांमधील दर्जा त्याच चुन्याने भरून काढाव्यात, अशी ही रीत होती. त्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ढाळ. नुसत्या डोळ्यांना न जाणवणारा, परंतु सांडलेल्या घागरीचे पाणी क्षणात पन्हळीकडे नेणारा तो उतार, हाच शेवाळावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होय. फरशी खचून हा ढाळ एकदा मोडला, की पुढे कितीही घासले तरी हिरवे डाग त्याच जागी परत येतात.

या टापूतील फरसबंदीचे एक नामांकित उदाहरण दौंड तालुक्याच्या शिरापुरासमोर, भीमेच्या पैलतीरी, सिद्धटेक येथे आहे. सिद्धिविनायकाचे देऊळ अहल्याबाई होळकरांनी बांधविले, आणि देवळाकडे येणारी दगडी वाट पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांनी करविली, असे परंपरा सांगते. अधिकार गेला असता हरिपंतांनी देवाला एकवीस दिवस एकवीस प्रदक्षिणा घातल्या व तो परत मिळाल्यावर ही सेवा केली, अशी आख्यायिका आहे. १७९४ साली हरिपंतांचा अंत सिद्धटेकासच झाला. असली वाट बांधणाऱ्याचे नाव लोकांच्या ओठांवर राहते. परंतु ती वाट दर चातुर्मासात अनवाणी भाविकांच्या पायांखाली सुरक्षित ठेवणाऱ्या माणसांचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास त्या माणसांचा आहे.

ती माणसे म्हणजे मुख्यत्वेकरून गुरव. गावगाड्याच्या बलुतेदारांत गुरवाची गणना होई. देऊळ झाडणे, धुणे, देवाला पाणी व बेलपत्री आणणे आणि गावाला पत्रावळी पुरविणे ही त्याची चाकरी, आणि तिच्या मोबदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा अथवा इनामी जमिनीचा तुकडा त्याच्याकडे चाले. मोठ्या देवस्थानांना सरकारातून पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती यांसाठी नेमणुका असत, व त्यांच्या सनदा पेशवे दप्तरात नोंदलेल्या आहेत. झाडलोट या सर्वांच्या पोटात गृहीत धरलेली असे. जेथे नैवेद्य जावयाचा तेथे आधी केरसुणी जाणार, हे वेगळे लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही. वैशाखात काथ्या, राख व वाळू घेऊन फरशी घासावयाची, चुन्याची निवळी फिरवावयाची, उखडलेल्या दर्जांत पावसापूर्वी चुना भरावयाचा, आणि श्रावणात दर सोमवारच्या गर्दीपूर्वी खराटा मारावयाचा, असा हा क्रम होता. निवळीच्या क्षारतेने शेवाळ मरते आणि चुन्याच्या सांध्याला अपाय होत नाही, हा तिचा दुहेरी गुण होय. या क्रमात एकही काम पराक्रमाचे नव्हते. रोज थोडे केल्यामुळेच पराक्रमाचा प्रसंग येत नसे.

ही व्यवस्था एका फटक्यात मोडली नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि वर्षानुवर्षांच्या वहिवाटीला कागदी पुरावा मागितला जाऊ लागला. पुढे नगदी पीक आणि नगदी मजुरी आली, आणि बलुत्याचा हिशेब कोणालाच परवडेनासा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवस्थानांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली, आणि १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे खालसा होत असताना देवस्थान इनामे वगळण्यात आली. जमीन राहिली, हे चांगले झाले. परंतु जमिनीशी जखडलेली चाकरी बहुतेक ठिकाणी सुटली, आणि फरशी ही कोणाच्याच नावावर नसलेली बाब होऊन बसली. बलुतेदारी पुन्हा आणावी, असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. तिच्यात जातीचे बंधन आणि अन्यायाचा मोठा अंश होता. पण तिने सांभाळलेले काम तिच्याबरोबर निकालात निघाले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दरम्यान हेच काम शास्त्राच्या हाती अंशतः आले होते. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला; १९१७ साली पुरातत्त्व खात्यात रसायनशाखा निघून महंमद सनाउल्ला यांची तिथे नेमणूक झाली; १९२३ साली सर जॉन मार्शल यांची जतनविषयक नियमावली प्रसिद्ध झाली. अमोनियाचे अत्यंत सौम्य द्रावण, मऊ ब्रश, भरपूर स्वच्छ पाणी आणि नंतर पुन्हा उगवण रोखणारे औषध, ही या शाखेची रूढ पद्धत होय, आणि ती गुरवाच्या निवळीपासून फार दूर नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मात्र तिचा लाभ संरक्षित स्मारकांना. गावोगावच्या असंरक्षित देवळांना आणि वाड्यांना मिळतो तो गुत्तेदार.

या गुत्तेदारी सफाईविषयी मी तीव्र शब्दांत लिहितो, कारण तिचे नुकसान भरून येत नाही. संडासाच्या फरशीसाठी बाजारात मिळणारे ॲसिड दगडावर ओतले की चट्टे जातात, हे खरे. पण त्याबरोबर सांध्यातील चुना फेसाळून वाहून जातो, आणि जागा रिकामी झाली की पहिल्याच पावसात पाणी चिऱ्याखाली शिरते. मग सांध्यांत सिमेंट भरतात. ते चुन्यापेक्षा कठीण आणि ओल अडवून धरणारे असल्यामुळे चिऱ्यांच्या कडा फुटतात. वाळूच्या फवाऱ्याने दगड नवा दिसतो, कारण पाथरवटाच्या टाकीचे घाव त्यावरून पुसले गेलेले असतात. ऑइलपेंट लावणे हा सर्वांत अधम प्रकार. रंगाच्या थराखाली ओल कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांनी पापुद्रे सुटतात. आणि हे सर्व जीर्णोद्धाराच्या नावाखाली, लोकवर्गणीतून, मनःपूर्वक श्रद्धेने चालते, ही यातली वेदना आहे.

सर्वच चट्टे काढावेत काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. १८६६ साली नायलँडर या अभ्यासकाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील दगडफुलांवरून शहरी हवेच्या शुद्धाशुद्धतेचे अनुमान बांधले. गंधकाच्या धुरापुढे हा जीव टिकत नाही, म्हणून जेथे तो नांदतो तेथील हवा अजून बरी आहे, एवढी साक्ष तो देतो. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवारांत थडग्यांवरची दगडफुले मुद्दाम राखली जातात. माझे मत असे की, माणसे जेथून चालतात त्या फरशीवरचे आणि पायऱ्यांवरचे शेवाळ निःसंकोच काढावे, कारण तेथे म्हातारे-कोतारे घसरतात. ज्या कोरीव पट्टीची अक्षरे अथवा आकृती झाकली जात आहे, ती जाणत्या माणसाकडून, ओली करून, बांबूच्या पट्टीने मोकळी करावी. आणि गावाच्या वेशीवर उघड्यावर उभ्या असलेल्या वीरगळांवर कोरडे चट्टे असले, तर जाणकाराने पाहीपर्यंत त्यांना हात लावू नये. न्हावऱ्यासारख्या गावात या कामांना मिळून लागतात त्या वैशाखातील चार सकाळी, चुन्याची एक गोणी, आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी न चुकता लिहिलेली एक ओळ.